राजीखुशीचा कागद
(सिंदी (रेल्वे) येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी कायदेपंडित नाहीं. पोरांना बाराखडी शिकविणारा खेड्यांतला मास्तर आहें. पण तलाठ्याची नोटीस आली, कोर्टाचा कागद आला, तर आपले लोक आधीं मास्तराकडे येतात. असे कागद वाचून दाखवितां दाखवितां मला जें उमजलें, तेवढेंच आज आपणांपुढें ठेवणार आहें.

कायद्याच्या भाषेवर आपल्या लोकांचा विश्वास नाहीं. शहाणे म्हणतात, हें अडाणीपण आहे. मी म्हणतों, हा अनुभव आहे. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं कुणबी जमले आणि त्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या काढून जाळल्या. त्यांचा राग कागदावर होता. खतांत काय लिहिलें आहे तें लिहून देणाऱ्याला वाचतां येत नव्हतें. त्यानें खालीं नांगराची निशाणी केली आणि त्याच निशाणीनें त्याचें शेत गेलें. पुढें 1879 सालीं सरकारनें शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. खतांतील आंकडा तसाच खरा न मानतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन चौकशी करावी, असें त्यानें कोर्टांना सांगितलें. शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारापुढें लिहिलें जावें, असेंही ठरविलें. म्हणजे कागदावर लिहिलेलें सारें खरें नसतें, ही गोष्ट सरकारालाही कबूल करावी लागली. महात्मा जोतीराव फुल्यांनीं 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत अक्षरशत्रु कुणब्याची लेखणीखालीं कशी लूट होते, तें उघड करून दाखविलें.

तो कायदा दक्षिणेंतल्या जिल्ह्यांचा. आपल्या वर्धा जिल्ह्याची कथा निराळी, पण जात तीच. भोसल्यांच्या अमदानींत जो पाटील सारा गोळा करी, त्याला इंग्रजांनीं 1860 नंतरच्या जमाबंदींत मालगुजार म्हणून गांवाची मालकी लिहून दिली. काल वसूल करणारा आज धनी झाला. चराईचा, जळणाचा, पाण्याचा गांवकऱ्यांचा हक्क 'वाजिब-उल-अर्ज' नांवाच्या कागदांत नोंदला. आतां हें फारसी नांव किती कुणब्यांना कळलें असेल? 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली. तरी ज्या जमिनींपुढें 'सीर' किंवा 'खुदकास्त' हे शब्द होते, त्या मालगुजाराकडेच राहिल्या. शब्द ज्याला वाचतां आला, शेत त्याचें राहिलें.

देवाच्या जमिनींतही हेंच. जमीन देवाची असते. पुजारी किंवा वहिवाटदार हा केवळ सांभाळणारा. पण 'वहिवाटदार' हा शब्द दोन पिढ्यांत 'मालक' होतो आणि गांव पाहात राहतें. देव हाच धनी, पुजारी हा व्यवस्थापक, असें सुप्रीम कोर्टानें मध्यप्रदेशाच्या एका खटल्यांत 2021 सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

आतां आपला सातबारा काढा. जुन्या नोंदींत थोरल्या भावाच्या नांवापुढें 'ए. कु. क.' अशीं तीन अक्षरें दिसतील. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा कर्ता. म्हणजे शेत सगळ्यांचें, नांव फक्त त्याचें. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता; शेत लहान मुलाचें, सांभाळणारा दुसरा. उतारा नव्यानें लिहितांना हीं अक्षरें गळलीं, कीं चार भावांची शेती एकाची दिसूं लागते. अशा वेळीं घाबरूं नये. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरतात; नांव नसलें म्हणून हक्क मेला असें नाहीं. मात्र फेरफाराची नोटीस निघाली कीं मुदतींत लेखी हरकत घ्यावी आणि तिची पोंच घ्यावी. सुतार, लोहार, कुंभार बंधूंनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. तेवढ्यावरून घराची मालकी ठरत नाहीं.

येथपर्यंत मीं सावकाराला, मालगुजाराला, पुजाऱ्याला दोष दिला आणि आपणांस तें गोड वाटलें. आतां आपल्याच घरांत चला.

बहिणीचा वाटा म्हणून कांहीं आहे कीं नाहीं? हिंदु स्त्रीला वारसा मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर झगडले. हिंदु कोड बिल रखडलें म्हणून 1951 सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें. 1956 सालीं वारसा कायदा झाला. 1994 सालीं महाराष्ट्रानें आणि 2005 सालीं साऱ्या देशानें वडिलार्जित एकत्र मालमत्तेंत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 रोजीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हेंही 2020 सालीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें. इतकें सारें मिळालें आणि आम्हीं तें एका कागदानें परत घेतलें. त्या कागदाचें नांव हक्कसोडपत्र.

त्यांतली भाषा ऐका. 'मी राजीखुशीनें, अक्कलहुशारीनें, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला माझा हक्क सोडून देत आहें. हा लेख मीं वाचून पाहिला, तो मला मान्य व कबूल आहे.' प्रत्येक बहीण असेंच लिहून देते. किती जणींनीं तो लेख खरोखर वाचला?

मी माझ्याच घरचें सांगतों. वडील वारल्यावर माझी बहीण भाऊबीजेला आली होती. दुसरे दिवशीं आम्हीं दोघे भाऊ तिला नोंदणीसाठीं घेऊन गेलों. कागद पुढें आला तेव्हां तिनें मला विचारलें, "भाऊ, काय लिवलं आहे याच्यात?" मीं म्हटलें, "नेहमीचंच आहे. कर सही." तिनें केली. गांवभराचे कागद वाचून दाखविणारा हा मास्तर, सख्ख्या बहिणीला चार ओळी वाचून दाखवूं शकला नाहीं. ज्या लेखणीनें आमच्या आज्यांचीं शेतें नेलीं, ती लेखणी त्या दिवशीं माझ्या हातांत होती.

गेल्या पोळ्याला मीं तो कागद तिच्यापुढें बसून अक्षर न् अक्षर वाचला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग एवढेंच म्हणाली, "मले वाटलं, तुम्हाले कर्ज काढाले सही पाहिजे हाय." माझ्या वाट्यांतून तिचा भाग नोंदणी करून तिला परत द्यावा, असें मीं ठरविलें आहे. धाकट्या भावाचें मन अजून वळलेलें नाहीं. म्हणून मी येथें शाबासकी मागत नाहीं.

कोणी म्हणेल, बहिणीच आपण होऊन सोडतात. माहेर तुटूं नये म्हणून. सोडूं द्या, तो त्यांचा अधिकार आहे. पण आधीं तिला कळूं द्या. शेत किती, भाव किती, तिचा हिस्सा किती, हें सांगा. कागदाची नक्कल आठ दिवस आधीं तिच्या हातीं द्या. तो मोठ्यानें वाचून दाखविणारा माणूस त्या शेताशीं संबंध नसलेला असूं द्या. सणाच्या ओवाळणींत सही मागूं नका. एकदां नोंदलेला असा कागद रद्द करून घेण्यास दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि त्यालाही साधारण तीन वर्षांची मुदत असते.

आणि भगिनींनो, आपणांस माझी विनंती एकच. कळल्याशिवाय सही नाहीं, एवढें म्हणावयास शिका. 1987 च्या कायद्यानें स्त्रियांना, मिळकत कितीही असो, सरकारी विधि सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत जाऊन विचारा.

कागदावर अविश्वास धरणें वाईट नाहीं. पण अविश्वासानें कागद जाळून भागत नाहीं. तो वाचावा लागतो, आणि घरांतल्या सर्वांना ऐकूं जाईल असा वाचावा लागतो. माझ्या शाळेंतल्या पोरांकडून मी हल्लीं महिन्यांतून एकदां सातबारा वाचून घेतों. मुलींना आधीं उभें करतों.