बेटावरील उंदीर : प्राण्यांच्या परिवर्तनाचा एक पाठ



उंदीर हा मुलांच्या नित्य परिचयाचा प्राणी आहे. सजीवांची रूपे काळाच्या ओघात कशी पालटतात, हा अवघड वाटणारा विषय वर्गात मांडावयाचा झाल्यास त्याचा आरंभ उंदरापासून करणे सोयीचे ठरते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस बाह्य हेब्रिडीझ नावाची बेटे आहेत. त्यांच्याही पलीकडे सुमारे ६४ किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात, सेंट किल्डा हा लहानसा द्वीपसमूह आहे. इतका समुद्र उंदराला पोहून जाणे अशक्य आहे. तरीही तेथे दोन जातींचे उंदीर नांदत होते : एक रानउंदीर व दुसरा माणसाच्या घरात वावरणारा लहान उंदीर. ते तेथे गेले ते माणसाच्या नौकांतून, धान्याच्या व चाऱ्याच्या आडोशाने, असे मानण्यास सबळ आधार आहे.

त्या बेटांवर कोल्हा नाही, मुंगूस नाही, साप नाही. रानउंदराच्या अन्नात वाटेकरी होणारे इतर लहान प्राणीही थोडेच. अशा स्थितीत पिढ्यामागून पिढ्या गेल्या आणि सेंट किल्डाचा रानउंदीर मुख्य भूमीवरील आपल्या भाऊबंदांच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा झाला. जेथे शत्रूचे भय असते, तेथे चिमुकल्या बिळात चटकन शिरता येणे हिताचे असते. ते भय कमी झाले, की लहान अंगाचा तो लाभ उरत नाही. उलट मोठे शरीर ऊब अधिक काळ धरून ठेवते व अन्नासाठीच्या झगड्यात सरस ठरते. देहवृद्धीची अशी कारणे शास्त्रज्ञ देतात.

येथे मुले हमखास एक चुकीचे उत्तर देतात : “थंडी वाजू नये म्हणून उंदीर मोठा झाला.” हे उत्तर तसेच सोडून देऊ नये. कोणताही उंदीर ठरवून मोठा झालेला नाही. प्रत्येक पिढीत काही पिले जन्मतःच किंचित मोठी, तर काही किंचित लहान असतात. त्या बेटावर मोठी अधिक संख्येने जगली, त्यांना संतती अधिक झाली व त्यांचा गुण पुढील पिढीत उतरला. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. येथे निवडणारा कोणी नसतो. परिस्थितीच निवड करते.

परिस्थितीच्या जोडीला योगायोगही असतो. तो दाखविण्यास शंभर चिंचोके पुरेत. पन्नास तसेच ठेवावेत, चाळीस गेरूने व दहा चुन्याने रंगवावेत. सर्व एका मडक्यात मिसळून प्रत्येक मुलाने डोळे मिटून आठ चिंचोके काढावेत, मोजावेत व पुन्हा मडक्यात टाकावेत. कोणाच्या वाट्याला पांढरा एकही येणार नाही, तर कोणाला दोन-तीन मिळतील. प्रत्येक मूठ म्हणजे नौकेतून बेटावर उतरलेले मोजके उंदीर होत. पुढची सारी प्रजा त्या मुठीतूनच वाढते. म्हणून बेटावरील प्रजा आरंभापासूनच मूळ प्रजेहून थोडी वेगळी असू शकते.

वेगळेपण किती दूर जाऊ शकते, हे मदीरा बेटावर दिसते. आफ्रिकेच्या वायव्येस असलेल्या या पोर्तुगीज बेटावर घरात वावरणारा लहान उंदीर माणसाबरोबर आला, त्यास फार तर हजारेक वर्षे झाली असावीत. बेटाच्या दऱ्या उंच डोंगरांनी परस्परांपासून तुटलेल्या आहेत. या उंदरांच्या पेशींत सामान्यतः ४० गुणसूत्रे असतात. परंतु इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मदीरावर असे सहा वंश आढळले, की ज्यांत ही संख्या २२ ते ३० इतकीच होती. गुणसूत्रे नाहीशी झाली नव्हती. दोन-दोन जोडली जाऊन एक झाली होती. असे वंश परस्परांत मिसळले तरी त्यांच्या संकरित संततीची प्रजननक्षमता घटू शकते. नव्या जाती निर्माण होण्याच्या मार्गावरील हा एक टप्पा मानला जातो.

आता सेंट किल्डाकडे पुन्हा वळू. तेथील जीवन दुष्कर झाल्यामुळे २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटच्या ३६ रहिवाशांनी स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडले. चुली विझल्या, धान्य संपले. माणसाच्या आधाराने जगणारा घरातला उंदीर थोड्याच वर्षांत समूळ नष्ट झाला. ओस घरांत रानउंदीर वावरू लागला, आणि तो आजही त्या बेटावर आहे. नष्ट झालेला उंदीरही एकांतात घडलेला, आपल्या परीने निराळा असा वंश होता. मुख्य भूमीवरून दुसरे उंदीर आणून सोडले, तरी तो परत येणार नाही. कारण त्याची घडण ज्या पिढ्यांतून झाली, त्या पिढ्या आणता येत नाहीत.

एकांत नवे रूप घडवितो, पण ते रूप एकाच ठिकाणी असल्याने सहज नाहीसेही होते. ह्या दोन्ही गोष्टी मुलांच्या ध्यानी याव्यात. पाठाच्या अखेरीस, “उंदीर मोठा का झाला?” हा प्रश्न शिक्षकांनी पुन्हा विचारावा. उत्तरात “मोठे अधिक जगले” असे शब्द आले, तर विषय मुलांस समजला असे खुशाल मानावे.