संशयाचा फायदा कोणाला?

कारखान्यातल्या हवेत विष किती चालेल हे तज्ज्ञांनी सांगायचे आणि सरकारने त्याचा नियम करायचा, अशी आपली सरधोपट समजूत असते. अमेरिकेतला बेंझिनचा खटला पाहिला की ती टिकत नाही. ओहायो राज्यात प्लायोफिल्म नावाचा रबरी पापुद्रा तयार होत असे. रबर बेंझिनमध्ये विरघळवायचे, ते द्रावण पट्ट्यावर पातळ पसरायचे आणि बेंझिन उडवून लावायचे. उडालेल्या वाफेतली काही कामगारांच्या छातीत जाई. १९७७ साली अशा ७४८ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ल्युकेमियाचे मृत्यू अपेक्षेच्या किमान पाचपट निघाले. तेव्हाची मर्यादा होती हवेच्या दहा लाख भागांत बेंझिनचे १० भाग. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या तेव्हाच्या प्रमुख युला बिंगहॅम स्वतः विषशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी ती १ भागावर आणली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा नियम रद्द केला. १० भागांच्या मर्यादेतही लक्षणीय धोका आहे हे खात्याने आधी दाखवायला हवे होते, असे निकालाचे म्हणणे.

ही मागणी अडाणीपणाची नव्हती. शून्य धोक्याचा हट्ट धरला तर एकही कारखाना चालणार नाही, आणि अधिकाऱ्याच्या लहरीलाही लगाम हवाच. पण हिशेब करून पाहा. आयुष्यभराच्या नोकरीत हजारात एकाचा बळी जाणार असेल, तर पाचशे कामगारांच्या कारखान्यात तो दिसेलच असे नाही. दिसला तरी योगायोग म्हणून सोडून देता येतो. म्हणजे धोका नसणे वेगळे आणि तो अभ्यासाच्या नजरेत न येणे वेगळे. न्यायालयात आरोपीला संशयाचा फायदा मिळतो, तो योग्यच. रसायनाला तो का मिळावा?

‘मग तज्ज्ञांनी नेमका आकडा द्यावा’, असे कोणी म्हणेल. प्लायोफिल्मच्या बाबतीत तज्ज्ञ पुढे कित्येक वर्षे भांडले ते नेमके याच आकड्यावरून, कारण जुन्या काळी त्या हवेची मोजणीच तुरळक झाली होती. कोणाच्या श्वासात किती बेंझिन गेले, हे अंदाजाने मांडावे लागले. ती मोजणी ज्यांच्या आवारात व्हायची, त्यांच्याच बाजूने तिच्या अभावाचा फायदा पडला. हे अज्ञान विज्ञानाच्या माथी मारणे मला मान्य नाही. १९८७ साली अमेरिकेत अखेर १ भागाचीच मर्यादा आली. मधली वर्षे कामगार जुन्याच मर्यादेत राबले.

आपल्याकडे भोपाळनंतर, त्याच १९८७ साली, कारखाना अधिनियमात रसायनांच्या मर्यादांचे परिशिष्ट जोडले गेले. परिशिष्टातला आकडा हवा मोजत नाही. तेव्हा रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्यांना, त्यांच्या संघटनांना माझी एकच विनंती: तज्ज्ञाचे मत विचारण्याआधी आपल्या खात्यातल्या हवेच्या मोजणीची नोंदवही मागा.