ऐकू येत नाही हे सांगायची लाज कशाला?



मळणी यंत्राच्या तोंडाशी ज्वारीची कणसं लोटण्यात आपली वर्षं गेली. 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला की आतल्या नाजूक पेशी मरू लागतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून खबर येईना, की मेंदूच आवाज तयार करतो, रातकिड्यासारखा. हे वेड नव्हे, आणि भानामती तर नव्हेच.

खरा तोटा पुढं आहे. लिलावात बोली ऐकू येत नाही. पुन्हा विचारायची लाज वाटते, म्हणून आपण नुसती मान डोलावतो. बैठकीत मागं बसतो, मग येणंच सोडतो. घरचे म्हणतात, म्हातारा तिरसट झाला.

रात्री सामसूम झाली की आवाज चढतो. त्याच्याशी भांडू नका. पंखा किंवा रेडिओ बारीक लावून ठेवा. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येईनाशी होते, तशी मेंदूलाही सवय होते, महिने लागतात. झोपच उडाली, जीव नकोसा झाला, तर मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. कानात तेल ओतणं मात्र बंद करा. आणि एकाएकी ऐकणं गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

श्रवणयंत्रानं बऱ्याच जणांचा कानातला आवाजही दबतो. केंद्राची 1981 पासूनची एडिप योजना आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी आत्ताच पुढच्या सतरंजीवर यावं. आम्ही तोंड समोर ठेवून सावकाश बोलू, ओरडणार नाही.