हात लावू का?

संध्याकाळची वेळ आहे. कुणाचा हात पिठात असेल, कुणी जनावरांचं बघत असेल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त एकदा खांद्यांकडे लक्ष द्या. ते कानाजवळ चढलेत का? चढले असतील तर खाली सोडा. दातांवर दात दाबलेले असतील तर जबडा सैल सोडा. आता आपण बोलू.

आज आम्ही अंग दुखण्याबद्दल बोलणार आहोत. अंग दाबण्याबद्दल आणि तेल लावण्याबद्दलही. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण आमची एक चूक झाली होती. त्या चुकीतून आम्ही जे शिकलो, तेच आज सांगायचं आहे.

आमचा बचत गट बारा जणींचा. दर शनिवारी रात्री जेवणं आटोपून बसतो. पैशाचा हिशेब वीस मिनिटांत होतो, दुखण्याचा हिशेब मात्र संपत नाही. सोयाबीन काढून कंबर गेलेली, कापूस वेचून मान आखडलेली, हंडे वाहून खांदा धरलेला. म्हणून ठरवलं की हिशेब झाला की अर्धा तास एकमेकींचं अंग दाबायचं. घरून वाटीभर तेल आणायचं, बस्स.

पहिले दोन शनिवार छान गेले. तिसऱ्या शनिवारी आमच्यातल्या एक मावशी भिंतीकडे तोंड करून निवडण करत बसल्या होत्या. त्यांची मान कायम आखडलेली. आमच्यातली एक जण मागून गेली आणि प्रेमानंच त्यांच्या मानेवर दोन्ही हात ठेवून जोरात दाबलं. मावशी ओरडल्या. ताट उडालं, डाळ घरभर झाली. त्या थरथर कापत उठल्या आणि अनवाणीच घरी गेल्या. पुढचे दोन शनिवार आल्या नाहीत. आम्ही आपापसांत म्हणालो, "एवढं काय झालं? दाबलंच तर होतं. म्हातारपणी माणूस चिडखोर होतं."

मग आमच्यातल्या दोघी त्यांच्या घरी गेल्या. चहा झाला तरी मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर एवढंच म्हणाल्या, "त्या पहाटे माझ्या मानेवर माती होती."

आमच्या भागात 'ती पहाट' म्हटलं की वर्ष सांगावं लागत नाही. नव्या पोरींसाठी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्याकडची घरं जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचं धाबं. तेच अंगावर आलं. मावशी तेव्हा नव्यानं नांदायला आलेल्या. दुपारी लोकांनी त्यांना मागून हात घालून ओढून काढलं. तोवर मान मातीखाली होती.

ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. दर वर्षी त्या दिवशी आम्ही फुलं वाहतो. पण तीस वर्षांनंतरही ती मान ते विसरलेली नसेल, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. मावशी आजही दाराला आतून कडी लावून झोपत नाहीत. त्याला आम्ही सवय म्हणायचो.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या ताईंना आम्ही विचारलं. त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. वाटेत साप दिसला की आपण विचार करत बसत नाही. आधी पाय मागे येतो, छाती धडधडते, श्वास वर चढतो, खांदे आवळतात. पळायला किंवा लढायला शरीर स्वतःच तयार होतं. साप गेला की थोड्या वेळानं सगळं खाली बसतं. पण धक्का फार मोठा असेल, किंवा भीती रोजचीच असेल, तर शरीर पहाऱ्यावरच राहतं. आवळलेले खांदे आवळलेलेच राहतात, झोप कच्ची होते, पोट बिघडतं, डोकं धरतं. मग जुन्या धोक्यासारखं काही झालं, एखादा आवाज, एखादा वास, मागून आलेला हात, की शरीर परत त्याच जागी जाऊन पोहोचतं. बाई नाटक करत नसते. तिचं मन कमजोर आहे, असंही नाही. तिचं शरीर तिला वाचवायला धावत असतं.

अशा शरीराला जोर लावून सैल करता येत नाही. जोर लावला की ते आणखी आवळतं. त्याला सावकाशपणा लागतो. आपल्या कातडीत काही बारीक नसा अशा आहेत की हळू फिरणारा हात त्यांना चांगला कळतो. सेकंदाला तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत जायला सहा-सात सेकंद. आपण लेकराला झोपवताना पाठीवरून हात फिरवतो, साधारण तोच वेग. तो कुणी शिकवलेला नसतो, हाताला ठाऊक असतो.

खरं तर हे आपलंच ज्ञान आहे. बाळाला तेल कोण लावतं? बाळंतिणीला चोळून, शेक देऊन, धुरी कोण देतं? दिवाळीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांच्या पाठीला तेल-उटणं कोण लावतं? आपणच. पण आम्ही बाराजणींनी एकमेकींना विचारलं, "तुझ्या अंगाला शेवटचं तेल कधी लागलं?" कुणी म्हणाली धाकट्याच्या बाळंतपणात, तो आता अठरा वर्षांचा आहे. एक म्हणाली, माय होती तोवर. सव्वा महिना झाला की बाईच्या अंगाला मायेनं हात लावणारं कुणी राहत नाही. जे हात लागतात ते काम सांगायला, नाहीतर दुसऱ्याच कारणानं.

आता आमच्या गटाची पद्धत सांगतो.

पहिला नियम, विचारायचं. "हात लावू का?" आणि "कुठं लावू?" नाही म्हटलं तर नाही. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. दुसरा नियम, समोरून जायचं. मागून कधीच नाही. तिसरा, जिच्या अंगाला हात लावतोय तिनं "पुरे" म्हटलं की त्याच क्षणी हात काढायचा. चौथा, तिला काय झालं होतं हे खोदून विचारायचं नाही. ती बोलली तर ऐकायचं आणि ते गटाबाहेर न्यायचं नाही.

सुरुवात पायांपासून करतो. पाय सुरक्षित वाटतात आणि साडी सोडावी लागत नाही. जिचे पाय चोळायचे ती भिंतीला टेकून बसते, दार तिच्या नजरेसमोर ठेवतो. तेल तिळाचं किंवा खोबऱ्याचं, जे घरात असेल ते. कोमट करून आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचं. तेल लावण्याआधी दोन्ही तळहात नुसतेच तिच्या पावलांवर ठेवून तीन-चार श्वास थांबायचं. मग टाचेकडून बोटांकडे अंगठ्यानं सावकाश, मग एकेक बोट, मग घोट्याभोवती. दाब किती? तिचा श्वास अडकला किंवा कपाळाला आठी पडली तर तो जास्त आहे. एका पायाला सात-आठ मिनिटं पुरतात. मग अदलाबदल.

घरात जुनी काशाची वाटी असेल तर ती काढा. तळव्याला तूप किंवा तेल लावून वाटीच्या बुडानं गोल गोल चोळायचं. तळवा काळा पडतो तेव्हा अंगातली उष्णता निघाली असं म्हणतात. ते काळं खरं तर काशातल्या धातूचं असतं, त्यामुळं ते जास्त निघावं म्हणून घासत बसू नका. तळव्याला बरं वाटतं, डोळ्यांवर झोप येते, तेवढंच पुष्कळ आहे.

जिला दुसरीचा हात नकोच वाटतो तिनं स्वतःचं स्वतः करावं. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. नाकानं चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सोडायला जास्त वेळ लागला की काळजाचे ठोके हळू होतात. दहा वेळा करा. चक्कर वाटली तर थांबा. किंवा भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा, तळपाय जमिनीवर दाबा आणि आजूबाजूच्या पाच वस्तू मोठ्यानं म्हणा. चूल, घागर, खाट, दिवा, कोंबडी. भीती दाटून येते तेव्हा शरीराला कळावं लागतं की आपण आज, इथं, आपल्या घरात आहोत.

आता कधी हात लावायचा नाही ते नीट ऐका. ताप असेल, जखम असेल, हाड मोडल्याचा संशय असेल तर चोळायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर अजिबात दाबायचं नाही. आत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाळंतिणीनं तर ते अंगावर काढूच नये, लगेच दवाखाना गाठावा. गरोदर बाईचं पोट दाबायचं नाही. सिझर झालं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात नाही. मधुमेह असेल तर पायाला चटका कळत नाही, म्हणून गरम शेक नको आणि तळव्याला जखम आहे का ते आधी बघायचं. कंबरदुखीबरोबर पाय बधिर पडला, ताकद गेली, किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला, तर तो दिवस चोळण्यात घालवू नका. छातीत दुखून हात, जबडा, पाठ दुखू लागली तर १०८ ला फोन करा. आणि नस बसवतो, मान कडकन मोडून देतो म्हणणाऱ्याच्या हातात मान देऊ नका.

मालिशनं किती फरक पडतो, तेही खरं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सल्ला दिला, त्यात व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मनाला आधार देणारे उपचार यांच्याबरोबर मालिशही आहे. पण आराम थोड्या दिवसांचा असतो. म्हणून आम्ही ते दर शनिवारी करतो, आणि त्यासोबत चालणं, वाकायची पद्धत सुधारणं, भरलेला हंडा एकीऐवजी दोघींनी उचलणं हेही करतो.

आणि एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. आमच्यातल्या एकीच्या पाठीवर तेल लावताना वळ दिसले. ती म्हणाली, "चोळा, म्हणजे उद्या कामाला जाता येईल." आम्ही त्या रात्री तेल बाजूला ठेवलं. मार सोसता यावा म्हणून आम्ही अंग चोळत नाही. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. काय करायचं ते तिनंच ठरवलं, आम्ही फक्त सोबत गेलो. तसंच झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. तळपाय चोळून जे उतरणार नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत आणि तिथं जाण्यात लाज नाही.

मावशींचं पुढं काय झालं, हे विचाराल. आम्ही घरी जाऊन माफी मागितली. त्यानंतरच्या शनिवारी त्या आल्या, दाराजवळ बसल्या. कित्येक आठवडे नुसत्या बघत होत्या. मग एकदा पाय पुढे करून म्हणाल्या, "फक्त पावलं." पावलंच चोळली. मध्येच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही विचारलं, "थांबू का?" त्या म्हणाल्या, "नको, चालू राहू दे." पुढं पावसाळ्यात कधीतरी त्यांनी स्वतःच आपला हात मानेवर ठेवला आणि आमच्यातल्या एकीचा हात धरून त्यावर ठेवला. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. तेवढंच.

मान पूर्ण सुटली असं आम्ही सांगणार नाही. दाराची कडी आजही लागत नाही. पण आता रात्री दोन-तीन वेळा उठून बाहेर बघणं कमी झालंय, असं त्यांची सून सांगते. आणि गटात नवीन कुणी आली की मावशीच आधी तिच्या समोर जाऊन बसतात, तेलाची वाटी खाली ठेवतात आणि विचारतात, "हात लावू का, बाई?"

आज रात्री भांडी आटोपली की सासूला, जावेला, लेकीला, नाहीतर शेजारणीला एवढं विचारून बघा. ती हो म्हणाली तर दहा मिनिटं तिची. नंतर दहा मिनिटं तुमची. ती मागून घ्यायला विसरू नका.