सूट हप्त्याला आहे, व्याजाला नाही

दरेकसा, धनेगाव, सालेकसा या पट्ट्यातली जी मुलं शैक्षणिक कर्ज काढून गोंदियाला, नागपूरला शिकली आणि यंदा पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. आईबाबांनीही जवळ बसावं. कर्जाच्या कागदावर त्यांचीही सही आहे.

शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर बँक हप्ता मागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मुलांनो, ही सूट हप्त्याला आहे, व्याजाला नाही. कॉलेजच्या खात्यात पैसे पडले त्या दिवसापासून व्याज चालू आहे. 4 लाखांचं कर्ज आणि 10 टक्के दर धरा. वर्षाचे 40 हजार झाले, म्हणजे दिवसाला जवळपास 110 रुपये. तुम्ही मुलाखतीला जाता, पोलीस भरतीसाठी पहाटे धावता, तेव्हाही ते चढतच असतात.

धुऱ्याला खेकडा बीळ पाडतो, ते आठवा. रोवणी आटोपलेली असते, बांधी भरलेली दिसते, माणूस निर्धास्त घरी येतो. पाणी रात्रभर खालच्या बांधीत उतरत राहतं. दुसऱ्याच दिवशी पाहिलं तर मूठभर चिखलात काम भागतं. आठ दिवसांनी गेलात तर धुरा फुटलेला असतो, मग फावडं घेऊन दोन माणसं लागतात. आणि खालच्या बांधीवाला काही सांगायला येत नाही, त्याचं तर पाणी वाढतंय. धुरा आपला आपणच फिरून पाहायचा.

तुमचं बीळ आज महिन्याला 3,300 रुपयांच्या आसपास आहे. तेवढं जमत नसेल तर 1,000 भरा, 500 भरा. या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात 1 टक्का सवलतही देतात, शाखेत विचारा. नाही भरलं, तर मुदत संपताच साचलेलं सारं व्याज मुद्दलात मिळवतात. मग हप्ता बसतो तो त्या फुगलेल्या रकमेवर. पुन्हा सांगतो, सूट हप्त्याला आहे, व्याजाला नाही.

घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर या काळातलं व्याज भरणारी केंद्राची योजना 2009 पासून आहे. उत्पन्नाचा दाखला दिला होता का, अनुदान खात्यात जमा झालं का, हे तपासा. कित्येक जण दाखला देऊन मोकळे होतात आणि पुढे कधी विचारतच नाहीत!

आता बाबांचं. ते सहकर्जदार आहेत. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं आणि ती नोंद तुमच्याबरोबर त्यांच्याही नावावर पडते. धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी उद्या ते बँकेत गेले, तर साहेब आधी तीच नोंद उघडतील. मोहफुलं वेचून, तेंदूपत्ता तोडून ज्यांनी तुम्हाला खोलीभाडं पाठवलं, त्यांच्यावर ही पाळी आणू नका. पहिल्या पगारात हप्त्यावर मोबाईल घेण्याआधी एवढा विचार करा.

मोबाईलवरून झटपट मिळणाऱ्या कर्जाबद्दलही बोलायचं होतं, पण वेळ संपत आला. एक हप्ता भरायला तसलं दुसरं कर्ज काढू नका, बाकीचं पुन्हा केव्हातरी. सोमवारी शाखेत जा. आजपर्यंत व्याज किती चढलं ते विचारून घ्या, आकडा कागदावर लिहा आणि घरी सगळ्यांना वाचून दाखवा. आणि जाताना खिशात जमेल ती रक्कम असू द्या, पावतीवर कर्जखात्याचा नंबर नीट पाहून घ्या.