वाकळ कोणी शिकवावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलावयास सांगितले आणि विषय माझ्यावरच सोपविला. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा वकूब नाही. म्हणून मागच्या बैठकीत जो विषय अर्धवट राहिला, तोच आज पुरा करावा म्हणते. मंडळाने वाकळ शिवण्याचा वर्ग काढावा की नाही, हा तो विषय. त्या दिवशी दोन आक्षेप निघाले होते. एक असा की, चिंध्या जोडण्यात शिकवायचे ते काय? आणि दुसरा, तो पुष्कळ हळू आवाजात निघाला, की शिकवणार कोण?

पहिल्याचे आधी बोलते. आपल्या घरांतून वाकळ कुठे गेली ते पाहा. पूर्वी पाहुणा आला की माळ्यावरची ठेवणीतली वाकळ निघे. आता पाहुण्याला गुळगुळीत ब्लँकेट देतात आणि वाकळ म्हाताऱ्या माणसाच्या नाहीतर गड्याच्या वाट्याला जाते. जुनी लुगडी बोहारणीच्या पाटीत पडतात आणि घरात स्टीलचे एक पातेले येते. पातेलेही लागतेच, मी नाही म्हणत नाही. पण नऊ वारांचे धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे दिले आणि पातळ पत्र्याचे पातेले घेतले, यात फायदा कोणाचा झाला ते बोहारणीला बरोबर कळते.

वाकळ म्हणजे गरिबीचे लक्षण, असे आपल्या मनाने घेतले आहे. पण पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला तिची लाज नव्हती. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसरकडे आपल्याच वाटेने जाते. पूर्वी वारकऱ्यांच्या पाठीवर घोंगडी नाहीतर वाकळच दिसे. गाडगेबाबा तर अंगावर ठिगळांचेच पांघरीत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. आणि ही कला आपलीच एकटीची आहे असेही नाही. बंगालात तिला कांथा म्हणतात, बिहारात सुजनी. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी लोक आहेत, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका कवदी शिवतात. चार कोपऱ्यांना तुकड्यांची दुमडून केलेली फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत, आणि शेवटचा टाका घालण्याआधी आत तांदळाचे दाणे ठेवतात, कवदीचे पोट रिकामे राहू नये म्हणून. मला ही रीत फार आवडली.

अमेरिकेत अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथे जीज बेंड म्हणून एक खेडे आहे, एके काळच्या गुलामांच्या वंशजांचे. तिथल्या बायका शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या थंडीसाठी शिवीत. २००२ साली ह्यूस्टन शहराच्या मोठ्या संग्रहालयात त्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. पण मला महत्त्वाची वाटते ती १९६६ सालची गोष्ट. त्या मुलखातल्या बायकांनी त्या वर्षी गोधड्यांची स्वतःची सहकारी संस्था काढली. आपल्याकडे उसाची सोसायटी निघाली, दुधाची निघाली. वाकळेची मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही.

आता शिकवायचे ते काय, हे सांगते. ज्या शिवतात त्यांना कंटाळा येईल, पण नव्या मुलींसाठी सांगायला हवे.

कापड सुतीच हवे आणि वापरलेले हवे. हल्लीच्या गुळगुळीत साड्या आत घातल्या की थर सरकतात, घाम टिपत नाहीत, दोन धुण्यांत पोटात गोळे होतात. रंग जाणारे कापड आधी भिजवून, पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. नाहीतर एका लाल तुकड्यापायी सगळी वाकळ बिघडते. काठ, शिवणी, गुंड्या उसवून काढाव्यात, कारण जाड शिवणीवर सुई मोडते. मग सारवून वाळलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर खालचे लुगडे ताणून पसरायचे, चार कोपऱ्यांवर पाटे, वजने ठेवायची. मधल्या थरांत फाटके घालायला हरकत नाही, पण भोकावर भोक येता कामा नये. वरून तुकड्यांचा पदर. सगळे हाताने मध्यापासून कडेकडे निपटून घ्यायचे, आणि वीतवीतभर टाके घालून आधी टाचून घ्यायचे. टाचण्याचा कंटाळा केला की वाकळ तिरकी होते, आणि तिरकी झालेली उसवल्याशिवाय सरळ होत नाही.

मग धावदोरा. आपल्याकडे कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत आत जातात. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला तर उठण्याचा त्रास वाचतो असे वाटते, पण गुंता होतो आणि दोरा झिजून तुटतो. त्यावर मेण ओढून घ्यावे. गाठ थरांच्या आत दडवावी. उजवा हात सुई घालतो, पण खरे काम खालच्या डाव्या हाताचे असते. सुई सगळ्या थरांतून आली की नाही ते त्यालाच कळते. वाकळ उलटी करून पाहावी. पाठीमागे टाके दिसले नाहीत तर आतले लुगडे लोंबणार, हे ठरलेले. इतक्या थरांना टाका का, तर ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. थर एकमेकांना धरून राहिले तरच ती टिकते.

आता एक हिशेब केला तो सांगते. सहा फूट लांब, चार फूट रुंद वाकळ धरा आणि ओळींत एकेक इंचाचे अंतर. सगळी ओळ उलगडली तर २८८ फूट भरते. इंचाला तीन टाके म्हटले तर दहा हजारांवर टाके झाले. रोज दुपारी दोन तास बसले तरी पंधरा दिवस जातात, म्हणजे तीस तास, म्हणजे खुरपणीचे चार-पाच रोज. मध्यंतरी एका व्यापाऱ्याने इकडच्या बायकांकडून वाकळा नेल्या आणि दिलेल्या पैशांत दोन रोजही सुटले नाहीत. तेव्हा वर्ग काढायचा तर हा हिशेब पहिल्याच दिवशी मुलींना पाटीवर मांडून दाखवावा. टाका शिकली आणि मोल शिकली नाही, तर आपण व्यापाऱ्याला मजूर तयार करून दिले असे होईल.

यंत्रावर शिवावे का, असे एकीने विचारले होते. वरच्या पदराचे तुकडे जोडायला खुशाल घ्या. तिथे शिवणयंत्र चांगले काम देते. पण सगळ्या थरांना हाताचाच दोरा असावा असे माझे मत आहे. घरातल्या यंत्राखाली एवढी जाडी नीट सरकत नाही, चुण्या पडतात. शिवाय हाताचा दोरा तुटला तर तेवढाच बदलता येतो.

आता दुसरा आक्षेप. शिकवणार कोण, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नाव घेत नाही, कारण त्या इथेच दाराजवळ बसल्या आहेत. आपल्यापैकी कितीजणींच्या घरातल्या वाकळा त्यांच्या हातच्या आहेत! आपल्या पडवीत बसून त्यांनी त्या शिवल्या; आपण त्यांना चहा दिला, मजुरी दिली, आणि आपली कामे करीत राहिलो. त्यांच्यापुढे शिकाऊ म्हणून बसायचे, हे काहीजणींना जड जाते. बोलून कोणी दाखविले नाही, पण बारामतीहून शिवणाची बाई बोलवावी असा जो आग्रह झाला, तो कशासाठी झाला हे मला कळते. ती बाई झबली, पोलके उत्तम शिकवील. वाकळ तिला येत नाही.

आत्याबाईंची शिकवण्याची रीत निराळी आहे. त्या सांगत नाहीत. माझ्या मुलीला त्यांनी पहिले चार दिवस फक्त सुई ओवायला लावली आणि शेजारी बसवून घेतले. पाचव्या दिवशी तिचा डावा हात धरून वाकळेखाली नेला आणि म्हणाल्या, "डोळं मिट, अन् सुई आली की सांग." तो धडा मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. पण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आला आहे आणि बोटे सकाळी आखडतात. दोन वर्षांनी वर्ग काढू म्हटले तर हे कोणाकडून शिकणार?

म्हणून माझी सूचना अशी. आत्याबाईंना नारळ आणि पोलक्याचा खण देऊन भागवू नये. बारामतीच्या बाईंना जेवढे मानधन द्यायचे ठरले होते, तेवढेच त्यांना महिन्याच्या महिन्याला द्यावे आणि वहीत 'शिक्षिका' या नावाखाली लिहावे. त्यांना सही येत नसली तर अंगठा चालेल. बसायला भिंतीकडची, उजेडाची जागा त्यांची. दुपारी दोन ते चार वर्ग ठेवला तर त्यांच्या डोळ्यांना सोपे जाईल आणि आपल्यालाही दूध काढायच्या वेळेपर्यंत घरी जाता येईल.

पहिल्या महिन्यात कोणी मोठी वाकळ घेऊ नये. दोन थरांचे सव्वा हाताचे दुपटे घ्यावे. गावात चार घरी पाळणा हलणार आहे, ती वाया जाणार नाहीत. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपली नावे आज जाण्यापूर्वी कार्यवाहबाईंकडे द्यावीत. येताना एक धुतलेले सुती पातळ, मेणाचा तुकडा आणि हातभर दोरा आणावा. बोहारीण सोमवारी येते, तेव्हा पातळ त्याआधीच बाजूला काढून ठेवा.