जीपची उंची आणि दांड्याची थरथर

हातकणंगले तालुक्यांत शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे आणि लेथचे कारखाने आहेत. मोटारींचे सुटे भाग घडविणारे कुशल हात तेथें विपुल. अशा मुलुखांत जीप उंच करून घेण्याची हौस पुरविणें अवघड नाहीं. खडकाळ वाटेवर गाडीचें पोट घासूं नये म्हणून ती तीन-चार इंच उचलली जाते. मालक आनंदानें घरीं निघतो, आणि सडकेवर वेग येतांच आसनाखालून थरथर जाणवूं लागते. टायर बदलले जातात, पैसा खर्च होतो. थरथर मात्र जात नाहीं.

दोष बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या कोनांत असतो. इंजिनाची शक्ति मागील चाकांकडे नेणाऱ्या या दांड्याच्या दोन्ही टोकांस क्रॉसचे सांधे असतात. सतराव्या शतकांत रॉबर्ट हूक यानें अभ्यासिलेल्या या सांध्याचा एक विचित्र स्वभाव आहे. तो वांकलेला असतां एकसारखी गति घेतो, पण एकसारखी देत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत ती दोनदां वाढते व दोनदां घटते. कोन १० अंशांचा असेल, तर हा फरक दोहों बाजूंस शेंकडा दीड असतो. २० अंशांवर तो शेंकडा सहांवर जातो. म्हणजे कोन दुप्पट होतांच उपद्रव चौपट होतो.

यावर तोड अशी कीं, दोन्ही सांध्यांचे कोन समान ठेवावे. मग एकानें केलेली चूक दुसरा निस्तरतो. गाडी उचलतांच हें समानत्व मोडूं शकतें, आणि तेंच परत आणण्यासाठीं लांबी बदलतां येणारे भाग लागतात.

निवड गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. जुन्या विलिस जीपला पाट्यांच्या स्प्रिंगा असत. तेथें पाटा व एक्सल यांमध्यें योग्य अंशाची पोलादी पाचर पुरते. २०२० सालच्या नव्या थारच्या मागील एक्सलला गुंडाळी स्प्रिंगा आणि दुवे आहेत. तेथें आट्यांचे, कमीजास्त करतां येणारे दुवे घ्यावे. पुढें चौकटीकडे जाणारा वरचा दुवा लांबविला, कीं डिफरन्शियलचें तोंड वर उचललें जातें. आंखूड केला, कीं खालीं झुकतें. डाव्या-उजव्या जोडीची लांबी मात्र तंतोतंत सारखी हवी; नाहीं तर एक्सल तिरपा बसेल.

मूळचे कोनच फार तीव्र झाले असतील, तर नुसतें समानत्व पुरत नाहीं. अशा वेळीं वरच्या टोकास जोडसांधा बसवितात. मग नियमहि बदलतो: डिफरन्शियलचें तोंड दांड्याच्या सरळ रेषेंत, किंबहुना अंशभर खालींच ठेवावें, कारण जोर पडतांच तें वर उचललें जातें.

म्हणून खरेदीपूर्वीं कोनमापक हातीं घ्यावा. गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी असावी. जॅकवर टांगलेल्या गाडीचें माप खोटें ठरतें. स्थानिक भट्टींत हलक्या हातानें वेल्ड केलेला दुवा स्वस्त पडेल, पण तो भर रस्त्यांत तुटला तर एक्सलच जागचा हलेल. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ निर्मात्याच्या मूळ नमुन्याशीं विसंगत फेरबदलास आडकाठी करतें; २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तें बजाविलें आहे.

कित्येकदां विचारान्तीं सर्वांत उत्तम उपाय हाच ठरतो कीं, चार इंचांची हौस दोन इंचांवर आणावी. उंची डोळ्यांस दिसते. कोन दिसत नाहीं. पण घरच्या माणसांचा प्रवास त्या न दिसणाऱ्या कोनावरच सुरक्षित असतो.